बाईंची हलकी मोटार

नव्या माणसाची ओळख करून दिली की लोक नमस्कार करतात, गाव विचारतात. बाई वजन विचारायच्या. मी महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झाले त्या पहिल्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत एक उंच, सडसडीत, करड्या केसांच्या बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "पन्नासच्या आत आहेस ना?"

मला वाटलं, वय विचारतायत. मी दचकून म्हटलं, "अहो, पंचविशीतली आहे मी!"

"वय नाही गं. वजन." आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांनी स्वतःशी मान हलवली. "असशील. राहायला जागा बघतेस असं ऐकलं. माझी माडी रिकामी आहे. सामान किती जड आहे?"

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. औरंगाबादच्या समर्थनगरातलं त्यांचं घर छोटं होतं, खाली दोन खोल्या, वर एक माडी. अंगणात कडुलिंब होता आणि त्याच्या फांदीला एक मोठा ताणकाटा टांगलेला होता, कापसाच्या गाठोड्यांसाठी खेड्यात वापरतात तसा. माझी पुस्तकांची ट्रंक टांग्यातून उतरली ती थेट त्या काट्याला लागली. बाईंनी आकडा वाचला आणि टांगेवाल्याकडे बघून हळहळल्या, "बिचारा घोडा."

बाई गणित शिकवायच्या. पट्टीच्या शिक्षिका. त्या शिकल्या ती पहिली शाळा निजामाच्या काळातली, उर्दू माध्यमाची. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, बाई पुढे हैदराबादला जाऊन एमेस्सी झाल्या, पण त्यांची बेरीज शेवटपर्यंत उर्दूतच राहिली. फळ्यावर मराठीतून मोठं समीकरण मांडायच्या आणि तोंडाने मात्र "सात और नौ सोला, हासिल एक" असं चाललेलं असायचं. पोरी हसायच्या. बाईंना त्याचं काही नसे. "बेरीज बरोबर आली की झालं. ती कुठल्या भाषेतून आली हे उत्तराला माहीत नसतं," म्हणायच्या.

या वजनाच्या वेडाला कारण होती अंगणात उभी असलेली मोटार. राखाडी रंगाची जुनी फियाट. बाईंचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, सोयगावकडचे मोठे शेतकरी. त्यांनी हौसेनं ती घेतली आणि चालवायला शिकवली ती लेकीला. का, तर ड्रायव्हर तंबाखू खाऊन बाहेर थुंकायचा आणि ते मागे बसलेल्या आबांच्या धोतरावर उडायचं. बाई सुट्टीत गावाला गेल्या की आबा मागच्या गादीवर ऐसपैस बसायचे आणि बाई पुढे. कोर्टकचेरी, लग्नकार्य, शेवटी शेवटी दवाखाना, सगळ्या वाऱ्या बाईंनीच केल्या. आबा गेले तेव्हा मोटार बाईंकडेच औरंगाबादला होती, आणि राहिली.

बाईंचे थोरले भाऊ, दादा, गावाकडची शेती सांभाळत. मनानं वाईट नव्हते. तालुक्यात त्यांचं वजन होतं, बोलणं मोठं होतं आणि आपल्या बोलण्याला कुणी नाही म्हणेल अशी त्यांना सवय नव्हती. मी राहायला गेले त्याच हिवाळ्यात ते एकदा वहिनींना घेऊन आपल्या नव्या पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून आले. चहा झाला. मग म्हणाले, "तायडे, आबांची मोटार आता गावाकडं नेतो. सिल्लोडचा एक जण टॅक्सीला मागतोय."

"माझी मोटार टॅक्सीला?" बाई म्हणाल्या.

"तुझी कशी? घरची वस्तू हाय. आबांच्या नावावर हाय. लेकीला मोटार देतात व्हय कुठं?"

"देत नसतील. मी मागितलीय कुठे? माझ्याकडेच आहे ती."

"अगं, पण ठिवून करायचं काय? खटारा झालाय त्याचा. साधा चढ चढत नाय. परवा दौलताबादच्या घाटात तूच थांबली व्हतीस म्हणं, माणसांनी ढकलली."

हे खरं होतं. इंजिन थकलं होतं, आणि नवं करून घ्यायचं तर त्या काळी बाईंच्या पगारात बसणारी गोष्ट नव्हती. बाईंनी अंगणातल्या मोटारीकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "तुझी चढते?"

"माझी? माझी तर पाखरावानी जाती."

"मग उन्हाळ्याच्या सुट्टीत दौलताबादचा घाट. पायथ्यापासून वरच्या सपाटीपर्यंत. तुझी कमी वेळात चढली तर ही घेऊन जा. माझी चढली, तर आबांच्या जागी माझं नाव लावून द्यायचं. वहिनी साक्षीला आहेत."

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या मोटारीचं इंजिन मोठं होतं, हे त्यांना माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. वहिनी पदर नीट करत नुसत्या म्हणाल्या, "मी हाय साक्षीला." एवढंच. पण दादांचं हसू त्यावर जरा लवकर आटोपलं.

दादा-वहिनी गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "आता हो? इंजिनचं काय करणार?"

"इंजिनला हातच लावायचा नाही. इंजिनात काही घालायचं म्हणजे पैसे पडतात. मोटारीतून काढायला काय पडतं? पाना." आणि त्या उठून अंगणात गेल्या. त्या दिवशी सगळ्यात आधी टपावरचा सामानाचा लोखंडी सांगाडा निघाला आणि काट्याला लागला. बाईंनी आकडा वाचला आणि नवा दागिना बघावा तसं त्याच्याकडे बघत राहिल्या. "एक अख्खा माणूस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं टपावर फुकट एक माणूस नेत होतो आपण."

त्यानंतरचे सगळे महिने अंगणात हेच. डिकीतली आबांच्या काळापासूनची हत्यारांची पेटी निघाली, जादा चाक निघालं, चटया निघाल्या. पुढचा-मागचा बंपर निघाला तेव्हा मोटार अशी दिसायला लागली जशी कवळी काढलेली म्हातारी. दारांच्या आतली पुठ्ठ्याची अस्तरं गेली. मागची गादी बाईंनी स्वतः सोडवली, पुसून घेतली आणि माडीवर माझ्या खिडकीखाली दिवाण म्हणून ठेवून दिली. मी सगळे पेपर त्या गादीवर बसून तपासले.

गॅरेजवाले उस्ताद छावणीकडून सायकलवर यायचे. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, मोटारींवर मनापासून जीव. बाई काढायच्या आणि ते हळहळायचे. एकदा खूप वेळ गाडीभोवती फिरून म्हणाले, "बाई, इत्ता निकाल्या तो अब इसकू गाडी नक्को बोलो, पतरा बोलो."

"पतराही खरवडायचाय, उस्ताद," बाई म्हणाल्या.

कारण तळाच्या पत्र्यावर आतून डांबराचा जाड थर होता. आवाज येऊ नये म्हणून लावलेला. वैशाखात तो असा मऊ झाला होता की छिन्नी लावली तर छिन्नीच चिकटायची. उस्तादांनी हात टेकले. बाई दुपारी जाऊन बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी हातगाडीवर घेऊन आल्या, फोडून गाडीच्या तळावर पसरली आणि वर गोणपाट टाकलं. सगळी गल्ली बघायला जमली, बाईंनी मोटारीला ताप आलाय म्हणून बर्फ ठेवलाय असं कुणी म्हणालं. थोड्या वेळानं बाईंनी गोणपाट काढलं आणि हातोडीनं टिचकी मारली. डांबर काचेसारखं तडकलं. ढलप्यांच्या ढलप्या निघायला लागल्या. उस्ताद तोंडावर हात ठेवून बघत राहिले, मग त्यांनीही बाह्या सारल्या. संध्याकाळी उरलेल्या बर्फाचं त्यांनीच सगळ्या गल्लीला लिंबू सरबत करून दिलं.

पण बाईंचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. पुढची अखंड गादी काढून त्यांनी उस्तादांकडून दोन लोखंडी खुर्च्या करून घेतल्या होत्या आणि वजन कमी करायच्या भरात त्यांच्या नळ्यांना भोकं पाडली होती. चाळणीसारखी. एके दिवशी आमच्या प्राचार्यांना स्टेशनवर जायची घाई होती, टांगा मिळेना. बाई म्हणाल्या, चला सर, सोडते. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे वजन विचारलं, सरांनी संकोचून काहीतरी सांगितलं. क्रांती चौकात बाईंनी ब्रेक लावला आणि काडकन आवाज झाला. सर खुर्चीसकट खाली बसले. बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसत होती.

"चूक माझी आहे, सर," बाई त्यांना उठवत म्हणाल्या. "पण तुम्हीही खरं वजन सांगितलं नव्हतंत."

सरांना लागलं नव्हतं, पण बाईंना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बी.एस्सी.च्या वर्गावर तो पूर्ण तास त्याच खुर्चीवर घेतला. तुटलेली नळी टेबलावर ठेवली आणि भार कुठे आला, भोकं कुठे होती, आपण कुठे उताविळी केली, हे पोरींना फळ्यावर मांडून दाखवलं. खुर्च्या पुन्हा केल्या त्या अखंड नळीच्या आणि बाजेसारख्या नवारीनं विणलेल्या. त्यानंतर त्यांनी एक कायदा करून टाकला आणि तो कधी मोडला नाही. जे मोटारीला थांबवतं आणि जे माणसाला सांभाळतं, त्यातलं रतीभरही काढायचं नाही. ब्रेक तर त्यांनी वाचवलेल्या पैशातून उलट नवे करून घेतले. "हलकं करायचं म्हणजे दुबळं करायचं नाही," हे त्या नंतर आम्हा सगळ्यांना वेळी-अवेळी ऐकवायच्या, महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकापासून स्नेहसंमेलनाच्या भाषणापर्यंत सगळ्याला लावून.

चालवणाऱ्याचं वजनही त्यांनी सोडलं नाही. मोटार अंगणात उभी आणि बाई महाविद्यालयात रोज पायी. गुलमंडीवर बाजाराला पायी. एकदा मला घेऊन तिथल्या एका जुन्या कापडाच्या दुकानात गेल्या आणि गादीवर बसता बसता म्हणाल्या, "सगळ्यात हलकी साडी दाखवा."

दुकानदाराचा चेहरा पडला. "बाई, हलका माल आपल्याकडे ठेवत नाही. तुम्ही जुन्या गिऱ्हाईक. हलकं पाहिजे तर पैठण गेटाकडं बघा."

"भारीतली हलकी दाखवा," बाई म्हणाल्या. तो आणखीच गोंधळला. शेवटी बाईंनी शेजारच्या किराणा दुकानातून तराजू मागवला. एकेक साडी पारड्यात जाऊ लागली तशी दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही रंगात आली, "आता ती मोरपंखी टाका" म्हणायला लागली. बाईंनी अबोली रंगाची एक तलम सुती साडी घेतली आणि सांगितलं की ही घाटाची साडी.

सराव सुरू झाला तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला मोटारीतून फिरायला मिळेल. पहिल्याच रविवारी सकाळी मिटमिटा मागे पडलं, दौलताबादचा किल्ला डावीकडे आला, घाटाचा पायथा आला, आणि बाईंनी मोटार थांबवली.

"उतर," त्या म्हणाल्या. "चढ संपला की घेते."

मी उतरले. फियाट घाटात दिसेनाशी झाली आणि मी पदर खोचून चालायला लागले. वाटेत एक धनगर शेरडं घेऊन चालला होता. त्यानं मोटार जाताना पाहिली होती. माझ्याबरोबर थोडं चालून त्यानं विचारलं, "बाई, ती मोटार तुमचीच नव्हं?"

"हो."

"मंग तुमाला सोडून गेली?"

"नाही, मीच उतरले."

"का?"

"मी जड होते म्हणून."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी तेव्हा अगदीच काटकुळी होते. मग एका करडाला खांद्यावर घेत म्हणाला, "लई नाजूक हाय मोटार."

वर पोचले तर बाई बोनेटवर हात ठेवून उभ्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "कुठेच अडली नाही," त्या म्हणाल्या. "अगं, वळणावर गियर बदलावा नाही लागला. इंजिन तेच आहे. तेच! नुसतं त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं." आणि डोळे पुसून लगेच म्हणाल्या, "चल, तू अजून का चालतेयस, बस ना."

ठरलेल्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. रस्त्याला रहदारी लागायच्या आत चढ उरकायचा होता. दोघांनी बरोबर निघायचं नाही, हे बाईंनीच ठरवलं होतं. घाट अरुंद, वळणं आंधळी. म्हणून दोन घड्याळं एकमेकांशी मिळवून घेतली. एक पायथ्याला उस्तादांच्या हातात. ठरलेल्या मिनिटाला ते सांगतील तेव्हा मोटार निघायची, आधी दादा, मग बाई. दुसरं घड्याळ वर वहिनींच्या मनगटावर. मी वहिनींबरोबर वर थांबले.

आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. खाली किल्ला उन्हात यायला लागला होता. वहिनी फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा वन्सं मोटार चालवत दारात आल्या होत्या. मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी. आन् मंग वाटलं, बरं घर दिसतंय."

खालून ॲम्बेसेडरचा आवाज आला. तो येतच राहिला. शेवटच्या वळणावर पांढरी मोटार दिसली, घरघरत वर आली आणि थांबली. दादांनी काच खाली करून हात बाहेर काढला, "बघितलं का? पाखरू!" वहिनींनी घड्याळ पाहिलं, मनाशी काही धरलं आणि मान हलवली.

मग आम्ही वाट बघायला लागलो. दादा उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. चारचारदा सराव झाला होता, पण तिच्यात काही बिघडलं तर? मोटार गेली तर बाई काय करतील, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. आता तो एकदम समोर आला. मला आठवलं की बाईंनी मागची गादी पुसताना आबांच्या बाजूचा खोलगा मोडू दिला नव्हता.

आणि मग तो आवाज आला. पत्र्याचा. सगळी अस्तरं, डांबर, गाद्या काढलेल्या मोटारीचा खणखणीत, पिंपात खडे घातल्यासारखा आवाज. किती लवकर आला! दादांनी वळून पाहिलं आणि ते रस्त्यातून बाजूला झाले. अबोली साडीतल्या बाई नवारीच्या खुर्चीत ताठ बसून वळणातून वर आल्या, आमच्यासमोरून थोड्या पुढे गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

दादा म्हणाले, "किती झालं?"

"वन्संना येळ कमी लागला," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण किती? नीट बघ की. परत बघ."

"बघायचं काय त्यात? तुमची मोटार यीस्तवर मी दोनदा घड्याळ बघून बसले व्हते. वन्संची बघायच्या आत आली."

दादा फियाटपाशी गेले. चारी बाजूंनी फिरले. खिडकीतून आत डोकावले आणि त्यांचा चेहराच बदलला. आत उघडा पत्रा, दोन खुर्च्या आणि मागे काहीच नाही. "आबांची जागा कुठाय?" ते म्हणाले, आणि आवाज एकदम बारीक झाला होता. "आबांची मोटार सोलून काढलीस, तायडे."

"गादी घरी आहे, जशीच्या तशी. येऊन बस हवं तर," बाई खाली उतरत म्हणाल्या. "आबा मागे बसायचे, दादा, मी पुढे. मागचं ओझं काढलं. पुढचं सगळं तसंच आहे. हे चाक, हा गियर, हे ब्रेक. त्यांनी मला हेच दिलं होतं."

दादा रुमालानं तोंड पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "नाव लावून देतो. उद्याच कचेरीत जाऊ. मोटार तुझी."

"ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तुला कळावं म्हणून घाट चढले."

दादा हसले. अगदी मनापासून नाही, पण हसले. पाठीवर थाप मारतात तशी त्यांनी फियाटच्या टपावर थाप मारली, आणि आता पायथ्याला उस्तादांना घ्यायला जायचं म्हणून आम्ही सगळे हललो. तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या,

"वन्सं, मी चालवू का?"

दादा थांबले. "तुला कुठं येतं?"

"वन्संना तरी पोटातून येत व्हतं का?"

बाईंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा पुढच्या खुलताबादकडे जाणाऱ्या सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्याकडे. मग चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडून धरलं. "या. आधी पाय कुठे ठेवायचे ते सांगते." आणि माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला वजन न विचारता त्या मोटारीत बसवलं.

वहिनींनी पदर कमरेला खोचला, बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या. मोटार दोन हिसके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा हिसका खाल्ला आणि निघाली. खणखणत, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग सरळ.

"अगं, ब्रेक कुठाय ते तरी इचार!" दादा ओरडत पाच-पंचवीस पावलं मागे धावले आणि धापा टाकत थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मागं वळवता येईल का तिला?"

"बाई शिकवतील," मी म्हटलं.

"आन् नाय आलं तर?"

"तर खुलताबादला पोचतील."

दादा तिथंच दगडावर बसले. लांब रस्त्यावरून फियाटचा हॉर्न ऐकू आला, विनाकारण वाजवलेला, मग आणखी एकदा. आणि त्यापाठोपाठ दोन बायकांचं मोठ्यानं हसणं.